कंस गळाला आणि हायड्रोजन झाले ४२

महोदय,

आपल्या दैनिकात येणारा विज्ञानाचा सराव प्रश्नसंच मी नेमाने कापून ठेवतो. संध्याकाळी पाच-सहा मुलं माझ्या ओट्यावर अभ्यासाला बसतात, त्यांना तो फार उपयोगी पडतो. गेल्या आठवड्यात त्यात अमोनियम सल्फेटचं सूत्र देऊन एका रेणूत हायड्रोजनचे अणू किती, असं विचारलं होतं. नववीतल्या मुलीने लिहिलं, ४२. मी चूक म्हणणार तोच तिने कात्रण पुढे केलं. कंस गळालेला, आणि पायाशी बारीक यायचे आकडे ओळीत मोठे होऊन बसलेले. 'एनएच' (एन म्हणजे नायट्रोजन, एच म्हणजे हायड्रोजन), पुढे चार, त्याला चिकटून दोन. पोरीने जे छापलं होतं तेच वाचलं.

मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. मुलं अणू मोजताना अडखळतात ती याच कंसापाशी. पाण्याचं सूत्र कुणाचं चुकत नाही. कंसाबाहेरचा दोन मात्र आतल्या प्रत्येकाला लागतो, हे अंगवळणी पडायला वेळ जातो. इथे कंसात एक नायट्रोजन, चार हायड्रोजन, बाहेर दोन. म्हणून नायट्रोजन २ आणि हायड्रोजन ८. कंसापलीकडच्या सल्फेटला तो दोन लागत नाही. तिथे गंधक १, ऑक्सिजन ४. सगळे मिळून १५.

मग मी तिला घरून युरियाची रिकामी गोणी आणायला लावली. गोणीवर नायट्रोजन ४६ टक्के छापलेलं. युरियात कार्बन १, ऑक्सिजन १ आणि कंसातल्या 'एनएच२'ची दुप्पट, म्हणजे नायट्रोजन २, हायड्रोजन ४. अणूंची वजनं मांडली : कार्बन १२, ऑक्सिजन १६, नायट्रोजन २८, हायड्रोजन ४. बेरीज ६०. साठात अठ्ठावीस म्हणजे ४६ टक्क्यांहून किंचित जास्त. गोणीवरचा आकडा वहीत उतरलेला बघून तिने भागाकार पुन्हा करून पाहिला. आणि मी न सांगताच अमोनियम सल्फेटकडे वळली. नायट्रोजन तिथेही दोनच, पण रेणूचं वजन १३२, म्हणून प्रमाण जेमतेम २१ टक्के. दोन्ही खतं तिच्या घरच्या शेडमध्ये पडलेली असतात.

आमचा भाग द्राक्षाचा. बुरशीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद घरोघरी असतं. त्याच्या सूत्रात कॉपर सल्फेटनंतर टिंब येतं, मग पाच आणि पाणी. टिंबाला मुलं दशांशचिन्ह समजतात. तो पाच पाण्याच्या हायड्रोजनलाही लागतो आणि ऑक्सिजनलाही : हायड्रोजन १०, ऑक्सिजन सल्फेटचे ४ धरून ९. शाळेत परीक्षानळीत मोरचूद तापवलं की निळेपणा जाऊन पांढरी पूड उरायची आणि नळीच्या तोंडाशी थेंब जमायचे. ते थेंब पाहिलेलं मूल तो पाच कधी विसरलं नाही.

माझी कळकळीची विनंती आहे की, सूत्रं जुळवून झाल्यावर पान एखाद्या विज्ञान शिक्षकाच्या नजरेखालून घालावं. छपाईत आकडे खाली बसत नसतील तर सूत्राचं चित्र टाकावं, पण कंस सोडू नये. आणि अमोनियम सल्फेटची दुरुस्ती कोपऱ्यात बारीक टायपात न देता त्याच पानावर, त्याच जागी द्यावी. माझ्याकडच्या कात्रणावर मी कंस पेनाने घातला आहे. बाकीच्या मुलांच्या कात्रणांवर तो अजून नाही.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षक, निफाड (जि. नाशिक)