तेरा वसाहती, तेरा इमारती

महोदय,

मुलांना सनावळ्या पाठ होत नाहीत, ही इतिहासाबद्दलची ठरलेली ओरड. बरीच वर्षे हा विषय शिकवल्यावर माझे मत वेगळे झाले आहे. मुले सनांपाशी कमी आणि शब्दांपाशी जास्त अडतात, आणि तेही ओळखीच्या शब्दांपाशी. 'सरंजामशाही' कळली नाही तर मूल निदान हात वर करते. 'वसाहत' कळली असेच त्याला वाटते, मग विचारणार कशाला? 1776 मध्ये अमेरिकेतल्या 13 वसाहतींनी स्वातंत्र्य जाहीर केले, हे वाचताना माझ्या वर्गातल्या एकाच्या डोळ्यांपुढे 13 इमारती होत्या. उत्तरपत्रिकेत तसे लिहिले म्हणून मला समजले तरी! 'खंडणी'चेही तेच. ती गुंड मागतात एवढेच ठाऊक असलेल्याला, मांडलिक राजा ती सम्राटाकडे दरवर्षी का पोहोचवतो हे कसे उमजावे?

जवळजवळचे शब्द तर आपणच गुळगुळीत करून टाकतो. पहिले महायुद्ध 1918 मध्ये थांबले, मग व्हर्सायचा तह 1919 चा कसा, हा प्रश्न मला दरवर्षी येतो. 11 नोव्हेंबर 1918 ला झाली ती शस्त्रसंधी. तोफा थंडावल्या, अटी ठरायच्या होत्या. तह झाला 28 जून 1919 ला. दोन्ही शब्द फळ्यावर शेजारीशेजारी लिहिले की पाच मिनिटांचे काम. रशियात 1861 मध्ये मुक्त झाले ते भूदास, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीला बांधलेले शेतकरी; अमेरिकेत 1865 मध्ये गुलाम. वर्गात आपण दोन्हींना 'गुलामगिरी' म्हणून मोकळे होतो.

शब्दार्थांची यादी वहीत उतरवून घेतली की शब्द शिकवून झाला, असे मीही कितीतरी वर्षे मानत होते. आता धड्याआधी चार-पाचच शब्द घेते. मुलांना सुचेल तो अर्थ, चुकीचा असला तरी, फळ्याच्या कोपऱ्यात राहू देते आणि धडा संपल्यावर तो त्यांनाच दुरुस्त करायला लावते. 'शाही' हा एक प्रत्यय उलगडला तर राजेशाही, हुकूमशाही, नोकरशाही असा घोसच हाती येतो. ('वाद' मात्र जपून. साम्राज्यवाद म्हणजे दोन साम्राज्यांचे भांडण, हेही मी वाचले आहे.)

अभ्यासक्रम पुरा करायला वेळ कुठे आहे, असे सहकारी विचारतात. त्यांचेही खरे आहे. परीक्षेत 'संकल्पना स्पष्ट करा' एवढेच विचारले जाते आणि पाठ केलेली व्याख्या गुण मिळवून देते, तोवर कोण वेळ काढणार? त्याऐवजी 'तह' आणि 'शस्त्रसंधी' हे शब्द वापरून स्वतःची दोन वाक्ये लिहायला सांगा, एवढीच प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना विनंती.

आपली,
एक इतिहास शिक्षिका