‘तुरुंगात एकही मनोरुग्ण नाही’ : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

थरकाप उडवणारा खून झाला की बातमीत ‘माथेफिरू’ हा शब्द येतो आणि सगळ्यांचा शोध तिथेच थांबतो. खरे तर मनोविकार असलेले बहुसंख्य लोक कुणावर हातही उगारत नाहीत. हिंसेमागे बरेच काही असू शकते: लहानपणी खाल्लेला किंवा घरात पाहिलेला मार, दारू, डोक्याला झालेली जुनी इजा, कधी ‘हे लोक माझ्या जिवावर उठलेत’ असा पक्का भ्रम. यातले एखादे कारण असलेला प्रत्येकजण खुनी होत नाही, म्हणूनच आरोपीची तपासणी निवांत आणि बारकाईने व्हायला हवी.

न्यायालयापुढचा प्रश्न मात्र अरुंद असतो. भारतीय न्याय संहितेचे कलम २२ एवढेच पाहते, की आपण काय करतो आहोत किंवा ते गैर आहे, हे त्या क्षणी आरोपीला मनोविकारामुळे कळत नव्हते का. तो इथवर कसा पोचला, हे त्या प्रश्नात येत नाही.

मुंबईत अनेक खून करणाऱ्या रामन राघवला १९६९ मध्ये फाशी सुनावली गेली. बरा न होणारा मनोविकार म्हणून ती जन्मठेपेत बदलायला १९८७ उजाडले. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका कैद्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षेनंतर जडलेला गंभीर मनोविकारही फाशी रद्द करण्याचे कारण मानला.

आता मुद्द्याचे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७, कलम १०३. तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला लिहून द्यायचे, की इथे एकही मनोरुग्ण कैदी नाही. हेतू चांगला आहे: आजारी माणूस कोठडीत न राहता उपचाराच्या जागी जावा. पण खचाखच भरलेल्या तुरुंगात अशी सही नेमकी कोणत्या तपासणीच्या जोरावर होते? त्याच कलमानुसार राज्यातल्या किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र हवे. तिथे न्यायवैद्यक मानसोपचाराचे, म्हणजे आरोपी-कैद्यांच्या मानसिक तपासणीचे आणि उपचाराचे, प्रशिक्षण घेतलेले किती जण आहेत?

तुरुंग गृहखात्याकडे आहेत, हे उत्तर कृपया देऊ नका. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीची मनोरुग्णालये तुमच्याच खात्याची आहेत. हे तिमाही अहवाल कैद्यांची नावे वगळून जाहीर करा. आणि गंभीर हिंसेच्या प्रत्येक आरोपीचा मानसिक पूर्वेतिहास अटकेनंतर लगेच नोंदवायची पद्धत गृहखात्याबरोबर बसून ठरवा. खटला उभा राहीपर्यंत काही वर्षे जातात, तोवर शेजारीपाजारी आणि शिक्षकही बरेचसे विसरलेले असतात.

आपली,
एक मानसतज्ज्ञ