ग्रॉगी म्हणजे काय रे बाबा

चि. बंड्यास आईचा अनेक आशीर्वाद,

काल फोनवर तू म्हणालास सर्दीची गोळी घेतलीये, जाम ग्रॉगी वाटतंय, म्हणजे गुंगी आल्यासारखं, आणि इकडे आजीने ऐकलं डॉगी. रात्रभर मला विचारत होती कुत्रं चावलं का त्याला, इंजेक्शनं घेतली का. तिला समजावता समजावता मीच शोधत बसले की हा शब्द आला कुठून, आणि आला तो थेट एका कोटातून!

एडवर्ड व्हर्नन नावाचा इंग्रज ॲडमिरल होता. १७३९ मध्ये त्याने सहा जहाजं घेऊन स्पेनच्या ताब्यातलं पनामातलं पोर्टो बेलो बंदर जिंकलं, म्हणजे माणूस साधा नव्हे. पण अंगात कायम ग्रोग्रॅमचा कोट. रेशीम आणि लोकर मिसळून विणलेलं जाडंभरडं कापड असायचं ते, फ्रेंचमधल्या ग्रो ग्रँवरून नाव पडलेलं, म्हणजे जाड पोताचं. त्यावरून खलाशी त्याला म्हणायचे ओल्ड ग्रॉग, पाठीमागेच म्हणत असणार म्हणा.

तर तेव्हा खलाशांना रोज अर्धा पाइंट रम मिळायची, म्हणजे साधारण पाव लिटर, तीही कोरी. एका दमात घशाखाली घालायचे आणि मग डोलकाठीवर चढायचं, विचार कर. व्हर्ननने ऑगस्ट १७४० मध्ये जमैकाला असताना हुकूम काढला की रममध्ये चौपट पाणी घालायचं, तेही डेकवर अधिकाऱ्यासमोर मिसळायचं आणि दिवसातून दोनदा वाटायचं. आता पाणी घातलेली दारू कोणाला आवडणार, खलाशांनी त्या पाणचट रमलाच ग्रॉग म्हणायला सुरुवात केली. आणि तो ग्रॉग जास्त झाला की माणूस ग्रॉगी.

म्हणजे आधी याचा अर्थ सरळ सरळ प्यायलेला असाच होता हं, आजीला हे मी सांगितलेलं नाही. पुढे पाय लटपटणाऱ्या घोड्यांना ग्रॉगी म्हणायला लागले, मग ठोसे खाऊन झोकांड्या जाणाऱ्या बॉक्सरांना, आणि असं करत करत तो शब्द तुझ्या सर्दीच्या गोळीपर्यंत आला. आपलं झिंगणं पण तसंच की, दारूनेही झिंगतात आणि झोपेनेही झिंगतात, फक्त आपल्याकडे त्यासाठी कोणाचा कोट लागला नाही.

अजून एक, अमेरिकेतलं माउंट व्हर्नन, जॉर्ज वॉशिंग्टनचं घर, त्याला नाव याच ॲडमिरलचं. जॉर्जचा सावत्र भाऊ लॉरेन्स व्हर्ननच्या हाताखाली लढला होता, त्याने दिलं. आणि ब्रिटिश नौदलाने ही रोजची रम बंद केली ती पार ३१ जुलै १९७० ला, म्हणजे हुकमानंतर २३० वर्षांनी!

बरं, ती गोळी रात्री झोपतानाच घे, आणि घेऊन गाडीवर अजिबात बसू नकोस. पोटात मऊ भात जाऊ दे, तूप आहे ना अजून डब्यात? आणि ती राखाडी हुडी एकदा तरी धू, दोन वर्षं प्रत्येक फोटोत तीच दिसतेय, तुझे मित्र तुला काय नाव ठेवत असतील देव जाणे.

तुझी आई