आधी मुद्दा विचारा

‘तुम्ही डावे की उजवे?’ हा रविवारच्या अंकातला लेख वाचला, पण प्रत्येकाने आपली बाजू एका शब्दात सांगावी हा त्यातला आग्रह काही पटला नाही. मुळात हे डावं-उजवं आलं 1789 च्या फ्रान्समधल्या राष्ट्रीय सभेतून, राजाला कायदे रोखण्याचा नकाराधिकार असावा म्हणणारे अध्यक्षांच्या उजवीकडे बसले आणि विरोधक डावीकडे, म्हणजे तिथे निदान एक ठरावीक प्रश्न तरी समोर होता. आज कर, धर्म, शिक्षण, पर्यावरण सगळं एकाच लेबलमध्ये कसं बसवणार? अमेरिकेत लॉइड फ्री आणि हॅडली कँट्रिल या जनमत अभ्यासकांनी 1960 च्या दशकातच दाखवून दिलं होतं की स्वतःला कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे उजवे, म्हणवणारे बरेच लोक प्रत्यक्षात सरकारी कल्याण योजनांवरच्या खर्चाच्या बाजूने असतात. त्यांना दुटप्पी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं, कारण लेबल माणूस बहुतेकदा घर, मित्र, आपला गट बघून लावतो आणि मत बनवतो ते अनुभवातून. म्हणून आपल्या वृत्तपत्राने पुढच्या वेळी वाचकांना बाजू न विचारता पाच-सहा ठोस धोरणांवर त्यांचं मत विचारावं, ही मनापासून विनंती.

– एक नियमित वाचक