बाबू, तो प्रश्न मीच अडवला

जामसंडे, देवगड
नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस

प्रिय बाबू,

शिमग्यापासून तुला ना पत्र ना फोन. तू दोनदा फोन केलास आणि दोन्ही वेळा मी 'नंतर करतो' म्हणून ठेवला. रागावला असशील तर रागाव, तुझा हक्क आहे. आज लिहितोय ती गोष्ट इथे कुणालाही सांगितली तरी निम्मीच समजेल. तुझ्या वहिनीला सांगितली, तर म्हणाली, "बाबू भावोजींना लिहा. ते चार शिव्या देतील, मग तुम्हाला झोप लागेल." म्हणून लिहितोय.

आईचे गुडघे आहेत तसेच, माझी शुगरही आहे तशीच. बाकी घरी सगळे बरे.

फळप्रक्रियेच्या ऑनलाइन कोर्सचं काम मी सांभाळतो, हे तुला माहीत आहे. शिकवायला पुण्याचे सर. मी कोऑर्डिनेटर. कुणी विचारलं की मी सांगायचो, "मी काही शिकवत नाही, मी नुसतं जमवून आणतो." हे 'नुसतं' मला आता फार लागतंय.

जमवून आणणं म्हणजे काय, ते एकदा तुला नीट सांगतो. गेल्या बॅचला चौसष्ट जण होते, देवगडपासून दापोलीपर्यंतचे. कुणाचं घरगुती कोकम सरबत, कुणाचा पाच बायकांचा बचत गट, तर कुणी मोठ्या कारखान्यातला सुपरवायझर. (दर पंचवीस कामगारांमागे एक प्रशिक्षित सुपरवायझर लागतो ना, त्यामुळे कारखानेवाले पाठवतात.) सेशन रात्री साडेआठचं. त्याआधी बायकांचा स्वयंपाक उरकत नाही आणि त्यानंतर त्यांचे डोळे उघडे राहत नाहीत. मी आठलाच बसतो. दोन कंपन्यांची दोन सिमं, इन्व्हर्टर, आणि शेजारी वही. माणसं आत यायला लागली की पडद्यावर नावं दिसतात 'रेडमी', 'ओपो', 'सोहमची आई'. एकेकाला विचारून नाव बदलायचं, कारण उद्या सर्टिफिकेटवर 'रेडमी' छापून चालणार नाही. मग सगळ्यांचे माइक बंद करायचे. तरी एखादा राहतोच, आणि सर निर्जंतुकीकरण समजावत असताना कुणाच्या तरी घरातून 'सुखकर्ता दुखहर्ता' सुरू होतं. गुहागरकडचा एक मुलगा रोज मोटरसायकल घेऊन सड्यावर, वरच्या उघड्या माळावर जायचा, कारण घरी रेंज नाही. हेडलाइटच्या उजेडात उभ्या उभ्या टिपणं काढायचा. त्याची वही मी पाहिली आहे बाबू. आपल्या दोघांच्या मिळून झाल्या नसत्या इतक्या नीट नोंदी.

सेशन संपलं की हजेरीची फाइल उतरवायची. त्यात एकाच बाईच्या अकरा-अकरा ओळी असतात. रेंज गेली की ती बाहेर, आली की आत. त्या सगळ्या तुकड्यांची मिनिटं जोडून पंचाहत्तर टक्के भरतात का ते बघायचं. यंत्राच्या हिशेबात ती बाई गैरहजर, पण गैरहजर असतो तो टॉवर. हे मी कितीदा भांडून वरच्या लोकांच्या गळी उतरवलंय. त्या बाबतीत माझी मान ताठ आहे.

पण सगळ्यात मोठं काम वेगळंच, आणि मी ते काम समजतच नव्हतो. सर बोलत असतात तेव्हा प्रश्न चॅटमध्ये येत असतात. एका तासात साठ-सत्तर मेसेज. 'आवाज येत नाही', 'येतोय', 'गुड इव्हनिंग सर', हात जोडल्याची चित्रं, आणि त्यातच कुठेतरी खरा प्रश्न. सर स्लाइडकडे बघून बोलतात, ते चॅट वाचत नाहीत. मी वाचतो आणि त्यातले चार-पाच निवडून शेवटी त्यांना विचारतो. म्हणजे चौसष्ट माणसांपैकी कुणाचा आवाज सरांच्या कानापर्यंत जायचा, हे मी ठरवतो.

आता मूळ गोष्ट.

दसऱ्यानंतरच्या बॅचची तयारी म्हणून मागच्या महिन्यात जुनी रेकॉर्डिंग आणि चॅटच्या फाइली वाचत बसलो होतो. डबाबंदीच्या सेशनची फाइल उघडली. एका बाईंचा मेसेज, ८.५२ चा: "पणसाची कुयरी मिठाच्या पाण्यात भरतंव. तिका पण ह्योच टाइम काय?" कुयरी म्हणजे कोवळा फणस, हे तुला सांगायला नको. ८.५८ ला पुन्हा तोच मेसेज. ९.०४ ला तिसऱ्यांदा, या वेळी शुद्ध मराठीत, जणू भाषेमुळे उत्तर मिळत नव्हतं. आणि ९.०५ ला माझा मेसेज: "कृपया एकच प्रश्न पुन्हा पुन्हा टाकू नये. आजचा विषय आंबा आहे." पुढची ओळ, मी चॅट सगळ्यांसाठी बंद केल्याची. हजेरीची फाइल काढून पाहिली. ९.०७ ला त्या बाहेर पडल्या. त्यानंतर एकाही सेशनला आल्या नाहीत.

तू आत्ता खुर्चीत सरळ होऊन बसला असशील, मला दिसतंय. तुला पुढचं सांगावं लागत नाही, तरी लिहितो, कारण मला ते लिहून काढायचंय. त्या दिवशीच्या स्लाइडवर लिहिलं होतं: 'फळे : उकळत्या पाण्यात, १०० अंश.' पुढे डब्याच्या आकाराप्रमाणे मिनिटं. नुसतं 'फळे'. हापूसला ते ठीक, त्याचा आंबटपणा पुरतो. पण कुयरी? पिकलेल्या गऱ्याचासुद्धा पीएच ४.६ च्या वर जातो (आकडा वर म्हणजे आंबटपणा कमी), मग कोवळ्या कुयरीचं काय बोलायचं! तिला एक तर सायट्रिक ॲसिड घालून ४.६ च्या खाली आणायची, नाहीतर रिटॉर्टमध्ये, म्हणजे त्या मोठ्या प्रेशर कुकरसारख्या यंत्रात, दाबाखाली १२१ अंशांवर शिजवायची. नुसत्या उकळत्या पाण्यात बोट्युलिनमचे, त्या जीवघेणं विष करणाऱ्या जंतूचे, बीजाणू मरत नाहीत. हवाबंद बाटलीत तर त्यांना पाहिजे तेच मिळतं. वास येत नाही, चव बदलत नाही, बाटली फुगेलच असंही नाही.

हे मला माहीत होतं, बाबू. सहा सीझन कॅनिंगमध्ये काढले आपण. उत्तर माझ्या जिभेवर होतं आणि मी त्या बाईला गप्प केलं, कारण नऊ वाजून गेले होते आणि सरांच्या सतरा स्लाइडी बाकी होत्या.

तो मे महिना आठवतोय ना? ट्रक दारात उभा, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, आणि तू तीन किलोवाल्या डब्यांचा अख्खा लॉट बाजूला लावलास. फळ जास्त पिकलेलं होतं आणि पीएच ४.६ च्या वर दाखवत होता म्हणून. मी तुझ्यावर ओरडलो की मीटर बिघडलाय. तू म्हणालास, "मीटर बिघडलाय तर डबे बरे आहेत हे कशाने ठरवलंस?" आपण आठ दिवस बोललो नाही. भाऊंनी शेवटी दोघांना समोरासमोर बसवून एका ताटात जेवायला घातलं तेव्हा कुठे तोंडं उघडली. त्या भांडणात तू बरोबर होतास हे मी तेव्हा कबूल केलं नव्हतं. आज करतो. (कॅरमच्या स्पर्धेच्या भांडणात मात्र मीच बरोबर होतो. ती राणी तू बोटाने सरकवलीस, हे मी मरेपर्यंत म्हणणार.)

सरांना फोन केला. ते क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "तो प्रश्न माझ्यापर्यंत आलाच नाही रे." बाबू, त्यांनी मला दोष दिला नाही, जे होतं ते सांगितलं. रेकॉर्डिंगमध्ये ते तोंडाने एकदा 'आम्लयुक्त फळांसाठी' असं म्हणालेतही. पण ते एकदाच. सड्यावर उभ्या असलेल्या पोराची रेंज नेमकी तेव्हा गेली असेल तर त्याच्या वहीत काय उतरलं? स्लाइड. सगळ्यांच्या फोनमध्ये आज काय आहे? स्लाइड.

आणि एक गोष्ट तुझ्या वहिनीलाही सांगितलेली नाही. कोर्स संपल्यावर मीच अहवाल लिहिला. चौसष्टपैकी एकेचाळीस जणांनी पूर्ण केला. जगभरातल्या मोफत ऑनलाइन कोर्सांत पूर्ण करणारे सहसा शंभरात दहासुद्धा नसतात, त्यामुळे आमचं फार कौतुक झालं. उरलेल्या तेवीस जणांपुढे सोडण्याचं कारण लिहायचा रकाना होता. त्या बाईंच्या नावापुढे मी लिहिलं, 'वैयक्तिक कारण'. न विचारता. तेवीसपैकी एकोणीस जणांपुढे तेच लिहिलंय.

ब्रिटनच्या जिली सॅमन यांनी ऑनलाइन शिकवण्याच्या पाच पायऱ्या सांगितल्यात. पहिली पायरी म्हणजे माणूस आत येणं आणि त्याला यावंसं वाटत राहणं. दुसरी, एकमेकांची ओळख. मग कुठे माहितीची देवघेव. माझ्या प्रशिक्षणात हे शिकवलं होतं, मी वहीत चौकट करून लिहूनही घेतलं होतं. त्या बाई पहिली पायरी चढून आल्या होत्या. ठरल्या वेळी यायच्या, तीनदा विचारायची हिंमतही होती. खाली ढकललं ते मी.

वरच्या लोकांना कळवलं. त्यांचं म्हणणं, स्लाइड बदला, नवी फाइल चढवा, विषय संपवा. सगळ्यांना कळवलं तर कोर्सवरचा विश्वास जाईल म्हणे. मी दोन रात्री विचार केला. कुयरीचा हंगाम होऊन गेला होता. म्हणजे ज्यांनी भरल्या असतील त्यांच्या बाटल्या फळीवर आहेत. तिसऱ्या दिवशी सकाळपासून फोन लावायला बसलो. चौसष्टच्या चौसष्ट.

पाच दिवस लागले. पाच जण कुयरी भरणारे निघाले. तिघांनी आधीपासूनच ॲसिड घातलेलं, त्यांच्या आजवरच्या सवयीने. दोघांनी स्लाइडप्रमाणे केलं होतं. त्यातल्या राजापूरकडच्या एक मावशी. साठ बाटल्या. मी सांगितलं, मावशी, चाखूनसुद्धा बघू नका, गुरांना घालू नका, खड्डा काढून पुरा. त्या म्हणाल्या, "वास तर बरो येता." मी म्हटलं, तेच तर वाईट आहे. बाटल्यांचे पैसे मी देतो म्हटलं, तर अशा संतापल्या की विचारू नकोस. "पैशे कसले देतस? आधी सांगूक काय झाला होता?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. संध्याकाळी त्यांच्या मुलाने खड्ड्याचा फोटो पाठवला, खाली एक शब्दही न लिहिता. दुसऱ्याच्या बारा बाटल्या होत्या, त्यानेही टाकल्या. खाल्ल्या कुणीच नव्हत्या. देवाची कृपा, बाबू, माझी हुशारी नाही.

त्या बाईंना फोन मी शेवटी लावला. चौसष्टावा. भीती वाटत होती म्हणून शेवटी ठेवला. मी नाव सांगितल्यावर त्यांनी लगेच ओळखलं. मी जे घडलं ते सगळं सांगितलं, माफी मागितली. तुम्ही भरलेल्या कुयरीचं काय झालं, विचारलं. म्हणाल्या, "भरलीच नाय. उत्तर गावला नाय तर कशाक भरू?" मुंबईच्या एका दुकानाची दोनशे बाटल्यांची ऑर्डर होती, ती सोडून दिली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

नवीन बॅचला या म्हटलं. विचारून सांगते म्हणाल्या. कुणाला विचारणार, ते मी विचारलं नाही.

आता माझी अडचण अशी. नव्या बॅचच्या पहिल्याच दिवशी ही गोष्ट मला सगळ्यांसमोर सांगायची आहे. कुयरीचं, ९.०५ च्या मेसेजचं, सगळं. सर म्हणतात, खुशाल सांग, स्लाइडची चूक मी माझ्या तोंडाने सांगतो. वरचे लोक म्हणतात, तसं केलंस तर हे काम दुसऱ्याकडे जाईल. पैशाचं मी बघेन, आंब्याच्या कलमांनी अजून उपाशी ठेवलेलं नाही. पण काम दुसऱ्याकडे गेलं तर अकरा ओळी जोडून त्या बायकांची हजेरी कोण भरेल? गप्प बसलो तर खुर्ची राहील आणि पुढच्या वेळी तीनदा विचारणारी बाई मला ओळखता येईल. बोललो तर कदाचित मी तिथे नसेनच. पाच दिवस हेच दळण चाललंय. तू ट्रक अडवलास तेव्हा नोकरी जाईल असं तुला वाटलं होतं का रे? हे मी तुला कधी विचारलंच नाही.

एक मात्र बदलून टाकलंय, कुणाला न विचारता. चॅटचे प्रश्न आता मी एकटा निवडणार नाही. बॅचमधलेच दोघे माझ्याबरोबर बसतील, रोज वेगळे. आणि वेळ संपली म्हणून राहिलेला प्रत्येक प्रश्न वहीत उतरून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आवाजी मेसेजने उत्तर. मालवणीत विचारलं तर मालवणीत.

तुझी बातमी बडोद्याहून नानांकरवी कळली. बढती झाली, अभिनंदन. पोरीला हवं ते कॉलेज मिळालं का? वहिनींच्या कंबरेचं काय म्हणाले डॉक्टर? सविस्तर लिही. मी विचारलं नाही असं म्हणू नकोस, हे बघ विचारलं.

गणपतीला येतोयस ना? कणकवलीला उतरायची वेळ कळव, गाडी घेऊन येतो. यंदा मोदक वळायला तुला बसवणार नाही. गेल्या वर्षीच्या तुझ्या मोदकाला काकींनी करंजी समजून तळायला घेतलं होतं.

येताना एक कर. तुझी ती लाल पुठ्ठ्याची वही, सहा सीझनचे पीएच लिहिलेली, अजून असेल तर घेऊन ये. पहिल्या दिवशी ती माझ्या हातात असली तर मला बोलायला बरं पडेल.

तुझा,
आबा

ता. क. पाकीट चिकटवता चिकटवता त्या बाईंचा फोन आला. नवीन बॅचला येणार आहेत. अट एकच, सेशन पावणेनऊला सुरू करा, साडेआठला हल्ली म्हशीची धार असते. वेळ बदलली.