आई-बाबा, आम्ही अजून इथेच थांबतोय

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

फोनवर अर्धंच बोलणं झालं. मागची खोली निनादसाठी रंगवून घेतली असं तू म्हणालीस, आई, आणि मला जे सांगायचं होतं ते घशातच राहिलं. म्हणून लिहायला बसले. त्याची शाळा संपली की आम्ही कायमचे परत येणार, असं आपलं ठरलं होतं. या वर्षी आम्ही कायमचे येत नाही. निनादचं इथलं कॉलेज आणि त्यानंतरचं कामाचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत आम्ही इंग्लंडमध्येच राहणार. अजित आणि मी हे ठरवलंय, आणि निनादनेही, त्याच्या पद्धतीने. कसं, ते पुढे सांगते.

लगेच दादाला फोन करू नका. आधी सगळं वाचा, हवं तर दोनदा वाचा.

बाबा, तुम्ही आयुष्यभर दस्त वाचलेत, म्हणून तुम्हाला कागदाच्याच भाषेत सांगते. इथे मुलं आणि कुटुंबांविषयी २०१४ चा एक कायदा आहे. शाळेतल्या नेहमीच्या मदतीने ज्या मुलाचं भागत नाही, त्याच्यासाठी कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, एक आराखडा करते. त्याला सगळे ईएचसी प्लॅन म्हणतात. शिक्षण, आरोग्य आणि देखभाल, तिन्ही एकाच कागदात. त्याचे ए ते के असे विभाग असतात. 'बी'मध्ये मुलाच्या शिक्षणातल्या गरजा, 'एफ'मध्ये त्यासाठी नेमकं काय द्यायचं, 'आय'मध्ये शाळा किंवा कॉलेज. यातला 'एफ' हा खरा दस्त, कारण तिथे जे लिहिलंय ते देणं कौन्सिलवर कायद्याने बंधनकारक आहे. 'स्पीच थेरपी गरजेनुसार' असं लिहून आलं तर हातात काहीच पडत नाही, कारण गरज किती हे पुन्हा तेच ठरवणार. 'आठवड्यातून एकदा, पाऊण तास, थेरपिस्टकडून' असं असेल तर हक्काने मागता येतं. मसुदा आला की आपलं म्हणणं कळवायला निदान १५ दिवस मिळतात. मी त्यातल्या प्रत्येक 'शक्यतो'ला आणि 'आवश्यकतेप्रमाणे'ला लाल रेघ मारून परत पाठवलं. तुम्ही खरेदीखतं वाचायचात तशी. पटलं नाही तर न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. आम्हाला तिथपर्यंत जावं लागलं नाही.

हा आराखडा वयाच्या २५ वर्षांपर्यंत चालू राहू शकतो. आपोआप नाही, दरवर्षी आढावा होतो, आणि शिक्षणाची गरज उरली नाही असं ठरलं तर तो बंदही होतो. पण चालू राहू शकतो. आणि इंग्लंड सोडलं की त्या कागदाला काही अर्थ उरत नाही. दादाने पाठवलेलं सगळं मी वाचलंय. आपल्याकडे दिव्यांगांसाठीच्या २०१६ च्या कायद्याने अशा मुलांना ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिलाय, दादाने बघितलेली कार्यशाळाही चांगली आहे, तिथल्या बाईंशी मी स्वतः बोलले. तिथे काही मिळणार नाही असं माझं म्हणणं नाही, तसं कुणाला सांगूही नका. पण निनाद सोळाचा होतोय. आता आलो तर नव्या जागी रुळण्यातच त्याची दोन वर्षं जातील आणि तोवर अठरा उलटतील. त्याला प्रत्येक गोष्टीला वेळ लागतो, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? नेमका आत्ता कुठे त्याचा वेग सापडलाय.

बाबा, नमूआत्याचं तुम्हाला सांगायला नको. तिची पाटी अजून तुमच्या कपाटात आहे, हे मला माहीत आहे. इथेही १९७० चा कायदा येईपर्यंत काही मुलांना 'शिकवता न येण्याजोगी' ठरवून शाळेबाहेर ठेवत. म्हणजे हे आपल्याच घरात झालं असं नाही, आणि आजीचा त्यात दोष नव्हता. पण निनादच्या बाबतीत एक वर्षही कमी पडू द्यायचं नाही, एवढं माझ्या मनात पक्कं आहे. माझ्या जागी तुम्ही असतात तर हेच केलं असतंत.

आता त्याने कसं ठरवलं ते. आई, तू म्हणालीस, 'त्याला काय विचारायचं, तुम्ही त्याचे आईबाप.' इथे दहावीच्या वयानंतर, म्हणजे शाळेचं सक्तीचं वय संपलं की, आराखड्यातले निर्णयाचे हक्क आईवडिलांकडून त्या मुलाकडे जातात. सोळा पूर्ण झालेल्या माणसाला निर्णय घेता येतो, असंच कायदा आधी धरून चालतो. समजावण्याचे सगळे मार्ग वापरून झाल्याशिवाय 'त्याला कळत नाही' असं कुणाला म्हणता येत नाही. खरोखरच झेपत नसेल तर त्याच्या वतीने आम्ही बोलू शकतो. मलाही सुरुवातीला हे जड गेलं. पण त्याच्या शिक्षिकेने जे केलं ते बघून मन निवलं. दोन्ही कॉलेजांत त्याला नेलं, तिथल्या वर्गांचे, जेवणाच्या जागेचे, स्वच्छतागृहाचेही फोटो काढले. मग वेगवेगळ्या दिवशी, फोटोंची जागा उजवी-डावी बदलून, त्याच्यापुढे ठेवले. जागा अशासाठी बदलायच्या, की काही मुलं नेहमी उजव्या हाताचंच उचलतात. निनादने प्रत्येक वेळी तोच फोटो उचलला, ज्यात कपडे धुण्याची मोठी यंत्रं आहेत. त्याला ती जागा हवी आहे. आराखड्याच्या 'ए' विभागात, जिथे मुलाचं स्वतःचं म्हणणं लिहितात, तिथे ते तसंच लिहिलंय.

बाबा, टॉवेलच्या कडा जुळवून घडी कशी घालायची हे त्याला तुम्ही शिकवलंत. त्या उन्हाळ्यात ओटीवर बसून, एक शब्द न बोलता, तुम्ही एक घडी घालायची आणि त्याने एक. कॉलेजच्या लोकांनी त्याची घडी बघितली आणि म्हणाले, याला याच कामाकडे न्यायचं. आधी तिथे स्वतःचं स्वतः करायला शिकायचं: पैसे देणं, एकच ठरावीक बस पकडणं, साधा स्वयंपाक. त्यानंतर, जमलं तर, नोकरीच्या ठिकाणी प्रत्यक्ष काम करत शिकायचं, निदान सहा महिने, सोबत काम समजावणारा एक जॉब कोच. त्याचा पगार मिळत नाही आणि शेवटी नोकरी लागेलच असं कुणी लिहून देत नाही, हेही तुम्हाला आधीच सांगून ठेवते. पण रुग्णालयाच्या चादरी-टॉवेलांच्या विभागात उभा असलेला निनाद माझ्या डोळ्यांपुढे स्पष्ट दिसतो.

आमच्यानंतर त्याचं काय, हे तुम्ही विचारत नाही, पण तुमच्या मनात असतं. माझ्याही असतं, रोज. म्हणूनच हा खटाटोप. जितकं त्याला स्वतःला येईल, तितकं सईवर ओझं कमी.

आणि तुमचं? ते मी बाजूला ठेवलंय असं समजू नका. गेल्या वेळी निघताना बाबा फाटकापाशी आले नाहीत, आतच पेपर घेऊन बसले, ते मला कळलं होतं. लहानपणी मला ताप आला की रात्रभर कपाळावर पट्ट्या बदलणारे तुम्ही, आणि आता तुमच्या उशाशी मी नाही, हे मला झोपू देत नाही. म्हणून काही गोष्टी ठरवून टाकल्यात, त्यावर चर्चा नको. लताताई आता सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा येतील, मी त्यांच्याशी बोलले आहे. आई, ओट्यापाशी उभी राहून त्यांना मदत करायची नाही. बसून गप्पा मार. बाथरूममध्ये आणि मागच्या दोन पायऱ्यांपाशी धरायला दांडे बसवायचे. दादा माणूस पाठवेल, त्याला 'नंतर ये' सांगून परत पाठवू नका. रात्री पॅसेजमधला दिवा चालू ठेवा, विजेचं बिल मी भरते.

बाबा, कानाचं. निनादला गर्दीचा आवाज सहन होत नाही म्हणून तो बसमध्ये, दुकानात, सगळीकडे कानांवर मोठे हेडफोन घालून फिरतो. तुम्हीच म्हणाला होतात, 'त्याला बरं वाटतं ना, मग लोकांचं काय?' तेच मी तुम्हाला म्हणते. श्रवणयंत्र घ्या. तो मोजके शब्द बोलतो, तेही हळू, आणि ते तुम्हाला ऐकू येत नाहीत म्हणून तुम्ही पुन्हा विचारता, मग तो गप्प होतो. आणि शुगरची तपासणी किती लांबवणार? इथे निनादसारखी बौद्धिक अक्षमता असलेल्यांची १४ वर्षांपासून दरवर्षी पूर्ण तपासणी करण्याची सोय आहे. निनादची झाली, रक्त देताना तो रडलाही नाही. तुमची राहिली आहे.

मागची खोली कुणाला देऊ नका. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही येतोय, तिकिटं काढली आहेत, आणि निनाद त्याच खोलीत राहील. रंग फिका आहे ना? भडक असला तरी असू दे, फक्त मला आधी सांग. त्याच्यासाठी मी एक फोटोंची वही करतेय: विमानतळ, गाडी, आपलं फाटक, जिना, खोली, आणि कुठल्या क्रमाने काय होणार ते. येण्याआधी तो ती रोज बघेल, म्हणजे पोचल्यावर बिचकणार नाही. त्यासाठी मला तुमच्याकडून फोटो हवेत. या रविवारपर्यंत पाठवा. खोली दारातून दिसते तशी, पलंग, पंखा, बाथरूमचा नवा नळ, आणि तुम्हा दोघांचे एकेक, चेहरा समोर ठेवून. बाबा, रोज जो चष्मा लावता तोच लावून काढा.

व्हिडिओ कॉलवर त्याच्याशी बोलताना एका वेळी एकच गोष्ट विचारा. छोटं वाक्य. मग थांबा. मनात दहा आकडे मोजा, तोवर दुसरा प्रश्न नको आणि 'सांग ना, सांग ना' तर अजिबात नको. त्याचं उत्तर तयार होत असतं, मध्ये बोललं की त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. आई, तुला ती 'आणखी'ची खूण आणि 'झालं'ची खूण येतेच. आता 'थांब' आणि 'मदत' या दोन शिकून घे. सई व्हिडिओ करून पाठवणार आहे, दादाच्या फोनवर नको, तुझ्याच फोनवर बघ.

आई, चिडली असशील तर चीड, पण फोन उचल. शनिवारी तुमच्याकडची संध्याकाळ झाली की करते. तोवर बाबांनी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलेली असावी. तारीख मला सांगायची, 'बघू' चालणार नाही.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, कॉलेज ठरल्याचं पत्र आणि आराखड्याचा 'एफ' विभाग सोबत पाठवते. सवडीने वाचा, आणि कुठे एखादा शब्द सैल वाटला तर खूण करून कळवा. पुढच्या आढाव्यात मी तो बदलून मागेन.