काका, गल्ला सोडलात म्हणून हे पत्र

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. नातीच्या शाळेच्या फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात तुम्ही नुसतं ‘व्यापार’ लिहिता, हे तुम्हीच सांगितलं होतं. तेव्हा तो कसला व्यापार, हे मी चारचौघांत फोडणार नाही. संभाजीनगरात वाइनची बाटली घेताना ज्याला गल्ल्यावरून कुणी “जेवायला काय आहे?” असं विचारलं असेल, त्याला हे पत्र कुणाला आहे ते बरोबर कळेल.

गुडघ्यांनी दगा दिला म्हणून तुम्ही गल्ला मुलाकडे सोपवलात असं ऐकलं. इतक्या वर्षांत आम्ही दोघांनी तुमच्याकडून सुटे पैसे मागून घेतले, दिवाळीला फराळाचा डबा दिला, आभार मात्र मानायचे राहिले. दुकानदाराचे आभार मानायची आपल्याकडे पद्धत नाही. त्यातून तुमच्यासारख्या दुकानाचे तर नाहीच नाही.

सगळ्यात आधी आभार एका स्टुलाचे. तेव्हाच्या औरंगाबादेत बाईमाणूस वाइन शॉपची पायरी चढलं की समोरचा पानठेलासुद्धा हातातलं काम थांबवायचा. (वाइन शॉप म्हणायचं फक्त. बहुतेक पाट्यांखाली वाइन सोडून सगळं मिळायचं.) त्यामुळे मी स्कूटरजवळ तोंडाला ओढणी गुंडाळून उभी आणि आमचे हे आत. वाळूजच्या कंपनीत बाहेरच्या पाहुण्यांसाठी जेवण होतं, तिथं ह्यांनी पहिल्यांदा वाइन चाखली होती आणि ती मलाही चाखवायची होती. तुम्ही ह्यांना विचारलंत, “कुणासंगं घेणार?” हे म्हणाले, “मिसेससोबत.” त्यावर तुम्ही म्हणालात, “मग त्यांना बोलवा की आत. त्यांच्या जिभेचं तुम्ही काय सांगणार?”

मी आत आले. तुम्ही क्वार्टरच्या गिऱ्हाइकांना बाजूच्या खिडकीवर पाठवलंत, फडक्यानं स्टूल पुसून दिलंत आणि विचारलंत, “ताई, आज जेवायला काय आहे?” मी सांगितलं, येसराची आमटी, ज्वारीची भाकरी आणि ठेचा. तुम्ही हातातली लाल बाटली निमूट फळीवर परत ठेवलीत. ठेच्यावर तुरट लाल वाइन प्यायली की तोंडाची आग दुप्पट होते, त्यापेक्षा नाशिककडची जरा गोडसर पांढरी वाइन, शेनिन ब्लाँ, गारेगार करून घ्या, असं सांगितलंत. लाल बाटली महाग होती आणि पांढरी स्वस्त, हे माझ्या लक्षात आलं होतं. ह्यांच्याही आलं होतं. परत येताना स्कूटरवर ह्यांचं एकच पालुपद, “माणूस सरळ आहे.”

दारू पिण्याच्या परवान्याचंही तसंच. बहुतेक ठिकाणी कुणी विचारत नाही. तुम्ही विचारलंत, आणि दोघांचे वेगवेगळे आजीवन परवाने काढायला लावलेत. रेशन कार्डापासून लाइट बिलापर्यंत सगळं सासरच्या नावानं असलेल्या घरात माझ्या नावाचा स्वतंत्र सरकारी कागद म्हणजे तो. आपल्या दारूबंदी कायद्यातला हा परवाना म्हणे आरोग्य राखण्यासाठी देतात. त्यावर तुम्ही खो खो हसला होतात. पेपरात त्या काळी रेड वाइन हृदयाला चांगली असं दर आठवड्याला छापून यायचं, आणि बाकीचे दुकानदार त्यावर बाटल्या खपवायचे. तुमचं मात्र ठरलेलं, “औषध पाहिजे असेल तर मेडिकल समोर आहे. ही चवीसाठी घ्यायची, नाहीतर घ्यायची नाही.” २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेनं दारूचं कुठलंही प्रमाण तब्येतीला सुरक्षित म्हणता येत नाही असं जाहीर केलं, तेव्हा ह्यांनी ती बातमी मोठ्यानं वाचून दाखवली आणि म्हणाले, “काकांनी हे आधीच सांगितलंय.”

आता आपल्या उन्हाळ्याबद्दल. इंग्रजी पुस्तकं सांगतात की लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी. ती खोली कुणाची? मे महिन्यात आमच्या सिडकोतल्या गच्चीखालच्या खोलीत खोबरेल तेल पाण्यासारखं पातळ असतं. तुम्ही सांगितलंत, लालसुद्धा फ्रिजमध्येच ठेवा आणि प्यायच्या वीसेक मिनिटं आधी बाहेर काढा, सोळा-अठरा अंशांवर तिची चव खुलते. गोदरेजच्या कपाटात, साड्यांमागे वगैरे अजिबात नाही. बुचाची बाटली आडवी, फिरकीच्या झाकणाची कशीही. पांढरी वाइन साठवत बसू नका, लेबलवरचं साल बघा आणि ताजी संपवा. उघडलेली उरली तर झाकण लावून फ्रिजच्या दारात, तीन-चार दिवसांत संपवायची. लोडशेडिंगच्या दिवसांत बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर जाडं मीठ टाकून बाटली गळ्यापर्यंत बुडवायची, पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. (ह्या बादलीचा उपयोग मी पुढं आमरसालाही केला. तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.)

तुम्ही गिऱ्हाइकाला बाटली देण्याआधी तिच्या तोंडावरून अंगठा फिरवायचात. का ते मी एकदा विचारलं. तुम्ही एक बाटली काढून दाखवलीत. बूच काचेच्या काठाच्या केसभर वर आलं होतं आणि वेष्टनाखाली चिकट ओघळ होता. ट्रकमध्ये तापली की आतला द्रव फुगतो, बूच ढकलतो, हवा शिरते, मग ती वाइन उकडलेल्या फळासारखी लागते. अशा बाटल्या तुम्ही बाजूला काढून परत पाठवायचात. उन्हाळ्यात माल रात्रीच उतरवून घ्यायचात आणि मागच्या छोट्या खोलीत फक्त वाइनसाठी एसी चालू ठेवायचात. त्या बिलाइतकी तरी वाइन तेव्हा खपत होती का, कोण जाणे.

आता खरं सांगायचं ते. आमचे हे कमी बोलणारे. लग्न ठरवताना माझ्या आत्यानं हा गुण म्हणून सांगितला होता. संसारात तो गुण जड जातो. कंपनीतून आले, जेवले, बातम्या बघितल्या, झोपले. भांडण नाही, तंटा नाही, आणि बोलणंही नाही. तुम्ही आम्हाला ग्लास दांडीला धरायला शिकवलंत, एक तृतीयांशच भरायला शिकवलंत आणि म्हणालात, “आधी वास घ्या. जे आठवेल ते एकमेकांना सांगा. पुस्तकातलं बोलू नका.” लेबलवर ब्लॅकबेरी लिहिलेलं असायचं. आम्ही दोघांनी बापजन्मात ब्लॅकबेरी पाहिली नव्हती. मग आम्ही आमचं शोधायला लागलो. लाल शिराझमध्ये मला जांभूळ आणि काळ्या मसाल्यातलं दगडफूल सापडायचं, ह्यांना मिरी. पांढऱ्या सोव्हिन्यों ब्लाँमध्ये ह्यांना अर्धा कच्चा पेरू, तर मला नुकतीच चिरलेली ढोबळी मिरची. एखाद्या शनिवारी मुलगी झोपली की आमचं हे भांडण चालायचं, आणि दोघांचंही बरोबर असू शकतं असं तुम्ही सोमवारी निकाल द्यायचात.

एकदा तुम्ही उशिरा तोडणीच्या द्राक्षांची छोटी बाटली दिलीत. द्राक्षं वेलीवर जास्त दिवस राहू दिली की साखर वाढते आणि वाइन गोड होते, जेवणानंतर कुंथलगिरीच्या पेढ्यासोबत घ्या म्हणालात. ह्यांनी ग्लास नाकाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. मी म्हटलं, मध का? तर म्हणाले, “काहील उतरवतात ना, तेव्हा असा वास सुटतो.”

कसली काहील, असं विचारलं आणि हे बोलत सुटले. अंबडकडे मामांचं गुऱ्हाळ होतं. ते रात्रभर चालायचं. आजी ह्यांना उसाच्या चिपाडांच्या ढिगावर गोधडी टाकून झोपवायची आणि पहाटे उठवून पळसाच्या पानावर गरम काकवी द्यायची. जीभ भाजायची, तरी चाटायचे. मग विहीर आटली, ऊस मोडला, गुऱ्हाळ बंद पडलं. काहील भंगारवाल्याच्या गाडीवर चढवायच्या आधी आजीनं तिला हळदकुंकू वाहिलं, आणि मामा चिडले, की लोखंडाला कसलं कुंकू लावतेस. हे सगळं सांगताना ह्यांचा पेढा तसाच हातात होता.

काका, तोवर आमची मुलगी शाळेत जायला लागली होती, आणि ह्या माणसाला एक आजी होती, तिचं एक गुऱ्हाळ होतं, हे मला ठाऊकच नव्हतं. पुढं ती आजी मला पुष्कळ भेटली. कधी लाकडाच्या पिंपात मुरलेल्या वाइनमध्ये तिच्या पेटीचा वास यायचा, कधी आणखी कशात तिचा ओला सुपारीचा बटवा. माझ्याही माहेरचं बरंच काही बाहेर आलं, ते इथं लिहीत नाही.

माहेरावरून आठवलं. माझ्या आईनं गावात आडव्या बाटलीवर शिक्का मारलेला आहे. दुकान हटवायचं की ठेवायचं याचं मतदान होतं तेव्हा उभी आणि आडवी बाटली ही चिन्हं असतात, आणि गावातल्या निम्म्याहून जास्त मतदार बायका आडवीकडे गेल्या की दुकान बंद. आईनं हे का केलं ते तिच्या धाकट्या भावाचं घर बघितलेल्या कुणालाही विचारावं लागणार नाही. त्याच आईच्या लेकीच्या फ्रिजमध्ये बाटली आडवी झोपलेली असते, ही थट्टा मला कळते आणि टोचतेही. म्हणून तुमचा एक स्वभाव मला फार मोलाचा वाटतो. महिन्यात दुसऱ्यांदा आलो की तुम्ही आधी विचारायचात, “पाहुणे आहेत का?” नसले तर म्हणायचात, “मग पुढच्या महिन्यात या, नवीन माल येतोय.” विकणारा माणूस गिऱ्हाइकाला परत पाठवतो, हे आईला सांगितलं असतं तर तिनं विश्वास ठेवला नसता. २०२२च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय सरकारनं घेतला आणि राज्यभर गदारोळ झाला, तेव्हा मी दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकत होते, पण डोक्यात एकच प्रश्न होता. तिथं फळीपाशी उभं राहून असं विचारणार कोण?

तुमचा मावसभाऊ अजिंठ्याला गाइड होता, त्याच्यामुळे तुम्ही आम्हाला सतरा नंबरच्या लेण्यात पाठवलंत. ओसरीतल्या भिंतीवर राजपुत्र बायकोला जवळ घेऊन मद्याचा चषक पुढे करतोय. राज्यातून हद्दपार झाल्याची बातमी सांगतानाचा प्रसंग आहे म्हणतात. हे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “बातमी वाईट आहे, पण ग्लास दोघांत एकच दिसतोय.” मग घरी येऊन ह्यांना वाचायचा नाद लागला. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय की भडोचच्या बंदरात इटलीच्या वाइनला मागणी आहे, आणि त्याच नोंदींत दख्खनच्या मोठ्या पेठा म्हणून पैठण आणि तगर, म्हणजे आपलं तेर, यांची नावं आहेत. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादेला आला, त्यानं इथल्या द्राक्ष-डाळिंबांचं कौतुक केलं आणि फळ वर्षातून दोनदा येतं असं लिहिलं. हे मी सासऱ्यांना सांगितलं. ते जालन्याकडच्या कडवंचीला शेततळ्यावर द्राक्ष पिकवतात. म्हणाले, “येतं की दोनदा. आपण एप्रिलात खरड छाटणी करून एक बहार मोडतो, ऑक्टोबर छाटणीचाच धरतो. त्याला कुणी सांगितलं नसेल.”

त्याच सासऱ्यांना तुमचं दुसरं ज्ञान मी ऐकवलं. खायचं द्राक्ष मोठं, पातळ सालीचं, बिनबियांचं, म्हणून त्याची चांगली वाइन होत नाही. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांचं, आणि लाल वाइनचा सगळा रंग त्या सालीतला. सासरे म्हणाले, “मग त्यात खायचं काय?” त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. आम्ही शनिवारी काय करायचो ते त्यांना माहीत आहे, आणि त्यांना माहीत आहे हे मला माहीत आहे. विषय कधी निघत नाही.

हल्ली ह्यांना बीपीची गोळी आहे. डॉक्टरांनी सांगितल्यापासून सणासुदीला अर्धी बाटली दोघांत, बास. वास मात्र आम्ही कशाचाही घेत सुटलोय. हापूसची पेटी असो की नवीन गूळ, आधी नाक, मग वाद.

थंडी पडली की कडवंचीला हुरडा आहे. काकूंना घेऊन नक्की या, गाडी पाठवते. गुडघ्यांसाठी बाज अंगणातच टाकू, शेतात उतरायला नको. शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि दही असेल, तुमच्यासाठी ठेचा वेगळा, कमी तिखटाचा करते. वाइन मात्र मिळणार नाही. सासरे समोर असतात.

तुमची,
सिडकोतली ताई
(आणि हे. सही करा म्हटलं तर म्हणाले, तू लिहिलंयस त्यात सगळं आलंय.)